ई-वे बिल, एम-परिवहन आणि बिल्टीची अ‍ॅप: खान्देशातल्या मालवाहतुकीत कोणती सोय किती कामाची

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांत कागद आता तीन वाटांनी मोबाईलवर आला आहे. पहिली वाट सरकारच्या ई-वे बिल पोर्टलची; ई-वे बिल म्हणजे ठरावीक किमतीच्या वरचा माल हलवण्याआधी जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन कागद. दुसरी गाडीच्या कागदांसाठी एम-परिवहन आणि डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपची. तिसरी बिल्टी (माल ताब्यात घेताना ट्रान्सपोर्टर देतो ती पावती) आणि पोचपावती (माल पोचल्याची सही) यांसाठी खासगी कंपन्या विकतात त्या अ‍ॅपची. तिन्हींकडे बघताना कसोटी एकच धरली आहे: समोरचा माणूस, मग तो नाक्यावरचा अधिकारी असो, पार्टीचा, म्हणजे माल देणाऱ्या गिऱ्हाइकाचा, अकाउंटंट असो की विमा कंपनीचा सर्व्हेअर, तो कागद स्वतःच्या यंत्रावर स्वतः तपासू शकतो का? तपासता येत असेल तर तो डिजिटल कागद. नाहीतर तो कागदाचा फोटो आहे, आणि फोटोवर गाडी सुटत नाही.

या कसोटीवर ई-वे बिल पोर्टल सर्वांत पुढे आहे. आंतरराज्य मालासाठी ते १ एप्रिल २०१८ पासून आणि महाराष्ट्रातल्या मालासाठी २५ मे २०१८ पासून सक्तीचे झाले. बारा अंकी नंबर टाकला की अधिकाऱ्याला त्याच्या मोबाईलवर सगळा तपशील दिसतो. म्हणून ई-वे बिलाची प्रिंट ड्रायव्हरकडे असलीच पाहिजे असे नाही, नुसता नंबर चालतो. मात्र इथेच गल्लत होते. प्रिंटची सूट ई-वे बिलाला आहे, मालाच्या बिलाला नाही. इन्व्हॉइस, बिल ऑफ सप्लाय किंवा डिलिव्हरी चलन गाडीत असावेच लागते. पार्टीचे बिल ई-इन्व्हॉइस असेल, म्हणजे त्यावर आयआरएनचा (बिलाच्या सरकारी नोंदणी क्रमांकाचा) क्यूआर कोड असेल, तर तो क्यूआर मोबाईलवर दाखवता येतो. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. अशा पार्टीने क्यूआर नसलेले साधे बिल दिले तर कायद्याच्या नजरेत ते बिलच नव्हे. गाडी भरायच्या आधी मुनिमाने बिलावर क्यूआर आहे का ते पाहावे आणि तपासणीच्या सरकारी अ‍ॅपवर स्कॅन करावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

पोर्टल भरताना खरी गोम पार्ट-ए आणि पार्ट-बी यांच्या वाटणीत आहे. पार्ट-ए मालाचा: दोन्हीकडचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, किंमत, एचएसएन (मालाचा प्रकार सांगणारा कोड), डिलिव्हरीचा पिन कोड. पार्ट-बी गाडीचा: गाडी नंबर आणि बिल्टी नंबर. जळगावच्या एमआयडीसीत पुष्कळ कारखानदार घाईत दोन्ही भाग स्वतःच भरतात आणि ट्रान्सपोर्टर आयडीची जागा रिकामी सोडतात. जळगावहून इंदूरला निघालेली पीव्हीसी पाइपची गाडी रात्री बिजासन घाटात बंद पडली की या रिकाम्या जागेचा हिशेब द्यावा लागतो. दुसरी गाडी मिळते, हमालही मिळतात, माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत पलटीही होतो, पण नवा गाडी नंबर पार्ट-बीमध्ये टाकायचा अधिकार ट्रान्सपोर्टरकडे नसतो. कारखान्याचे ऑफिस सकाळी उघडेपर्यंत दुसरी गाडी चुकीच्या नंबरावर उभी राहते. म्हणून ई-वे बिल स्वीकारतानाच आपला पंधरा अंकी ट्रान्सपोर्टर आयडी किंवा जीएसटी नंबर त्यात आहे का ते पाहावे. नसेल तर पार्टीकडून तिथल्या तिथे टाकून घ्यावा. ज्यांची जीएसटी नोंदणी नाही अशा ट्रान्सपोर्टरला पोर्टलवर नावनोंदणी करून हा आयडी मिळतो.

आयडी असेल तर गाडी बदलणे सोपे आहे. ‘अपडेट पार्ट-बी’मध्ये जायचे, ई-वे बिल नंबर टाकायचा, नवा गाडी नंबर आणि माल जिथे पलटी केला ते गाव टाकायचे, कारण ‘ब्रेकडाउन’ किंवा ‘ट्रान्सशिपमेंट’ निवडायचे. हवे तितक्या वेळा करता येते. गाडी बदलली म्हणून मुदत मात्र वाढत नाही. आणि हे काम दुसरी गाडी हलायच्या आधी करायचे असते. घाटात नेटवर्क येते-जाते, तेव्हा ऑफिसातल्या माणसाने ड्रायव्हरकडून फोनवर नंबर घेऊन अपडेट करावे, ड्रायव्हरच्या मोबाईलवर विसंबू नये.

मुदतीचा नियम साधा दिसतो, पण गाड्या त्यातच जास्त अडकतात. १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या अपुऱ्या भागाला एक दिवस मिळतो. त्याआधी १०० किलोमीटरला एक दिवस होता. गाडीच्या मापाबाहेर जाणाऱ्या मोठ्या मालाला अजूनही २० किलोमीटरला एक दिवस आहे. धुळे ते इंदूर साधारण २६० किलोमीटर, म्हणजे दोन दिवस. जळगाव ते मुंबई साधारण ४२० किलोमीटर, म्हणजे तीन. जळगाव ते दिल्ली साधारण १,१०० किलोमीटर, म्हणजे सहा. दिवस पार्ट-बी पहिल्यांदा भरल्यापासून मोजतात आणि पहिला दिवस दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री संपतो. याचा व्यवहारातला अर्थ नीट पाहावा. सोमवारी रात्री ११.५० ला पार्ट-बी भरला तर पहिला दिवस मंगळवारी रात्री १२ ला संपतो, हाती जेमतेम चोवीस तास. तोच पार्ट-बी रात्री १२.०५ ला, म्हणजे मंगळवारच्या तारखेत भरला, तर पहिला दिवस बुधवारी रात्री १२ ला संपतो, हाती जवळजवळ अठ्ठेचाळीस तास. गाडी रात्री उशिरा भरून निघणार असेल तर मुनिमाला हे माहीत हवे. धुळे-सुरतसारख्या २०० च्या थोड्याच वर असलेल्या रस्त्यावर दोन दिवस भरपूर होतात, पण सहा दिवसांच्या फेरीत वाटेत टायर फुटला, नो-एंट्रीत थांबावे लागले की शेवटचा दिवस कमी पडतो.

मुदत संपत आली तर वाढवता येते, पण खिडकी अरुंद आहे: मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास. मुदत नेहमी मध्यरात्रीच संपते, म्हणून ही खिडकी दुपारी ४ पासून दुसऱ्या सकाळी ८ पर्यंत. ऑफिसात एकाची जबाबदारी ठरवून द्यावी: रोज दुपारी ४ ला आज रात्री कोणाकोणाची मुदत संपते याची यादी पोर्टलवरून काढायची आणि प्रत्येक ड्रायव्हरला फोन करून गाडी कुठे आहे ते विचारायचे. वाढवताना गाडी असेल त्या जागेचा पिन कोड, उरलेले अंतर, गाडी नंबर आणि कारण लागते. उरलेल्या अंतरावर नवी मुदत ठरते. सकाळी ८ उलटून गेले की दार बंद. ई-वे बिल कितीही वेळा वाढवले तरी १ जानेवारी २०२५ पासून मूळ तारखेपासून ३६० दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि १८० दिवसांपेक्षा जुन्या मालाच्या बिलावर (इन्व्हॉइसवर) नवे ई-वे बिल निघत नाही. ही दुसरी अट गोदामात पडून राहिलेल्या मालाला लागते, तिकडे लक्ष असू द्यावे.

अंतर पोर्टल दोन पिन कोडांवरून स्वतः काढते. त्यात १० टक्क्यांपर्यंत वाढ करता येते, जास्त नाही. खान्देशाला हे एका ठिकाणी नडते. चाळीसगाव-कन्नडचा औट्रम घाट ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंद झाला आणि धुळ्याकडून छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूरकडे जाणाऱ्या ट्रकना नांदगाव, शिऊर बंगला मार्गे वळसा घालावा लागला. पिन कोडावरून निघणाऱ्या अंतराला वळशाची फिकीर नसते. अंतर २०० च्या पटीच्या जवळ येत असेल तर ती १० टक्क्यांची मुभा आधीच वापरून घ्यावी, एक दिवस जास्त मिळतो. पिन कोडही डोळ्यात तेल घालून भरावा. जळगाव शहराचा ४२५००१, एमआयडीसीचा ४२५००३. पत्ता बरोबर असून पिन चुकला तर ती किरकोळ चूक धरतात, पण त्या चुकीने मुदत वाढली असेल तर धरत नाहीत.

किरकोळ चूक म्हणजे काय, हे १४ सप्टेंबर २०१८ च्या ६४ क्रमांकाच्या परिपत्रकात लिहिले आहे आणि प्रत्येक ट्रान्सपोर्ट ऑफिसात ते छापून ठेवावे. नावाच्या स्पेलिंगची चूक पण जीएसटी नंबर बरोबर, बिल नंबरात एक-दोन अंक चुकलेले, एचएसएनचे पहिले दोन अंक बरोबर आणि पुढचे चुकलेले, गाडी नंबरात एक-दोन अंक किंवा अक्षरे चुकलेली: अशा चुकीला केंद्राचा ५०० आणि राज्याचा ५०० असा एक हजाराचा दंड आहे. या यादीबाहेरच्या चुकीला जीएसटी कायद्याचे कलम १२९ लागते. तिथे मालाचा मालक पुढे आला तर कराच्या २०० टक्के दंड. चार लाखांच्या पीव्हीसी पाइपवर १८ टक्क्यांनी ७२ हजार कर, म्हणजे १ लाख ४४ हजार दंड. ड्रायव्हरला परिपत्रकाचा क्रमांक सांगता आला तर बोलणे एक हजारावर राहते. आणखी एक सोय जवळपास कोणी वापरत नाही: तपासणीसाठी गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त अडकवली तर ट्रान्सपोर्टर पोर्टलवर ईडब्ल्यूबी-०४ फॉर्म भरून ती नोंद करू शकतो. भांडण करण्यापेक्षा ही नोंद करावी.

कोणत्या मालाला ई-वे बिल लागते यात खान्देशाचा माल पोर्टलची चांगलीच परीक्षा घेतो. रावेर, सावदा, यावलची ताजी केळी करमुक्त आहेत, त्यांना ई-वे बिल लागत नाही. दिल्लीपर्यंत गाडी गेली तरी नाही. बिल्टी आणि माल कोणाचा ते सांगणारे बिल मात्र हवेच, कारण वाटेत अधिकाऱ्याला गाडीत केळीच आहेत आणि कोणाची आहेत हे कागदावर दिसले पाहिजे. परतीला रिकाम्या क्रेट येतात, त्या डिलिव्हरी चलनावर आणाव्यात. त्यांची किंमत मर्यादेच्या वर गेली तर ई-वे बिलही काढावे. केळीचे वेफर्स करपात्र आहेत, त्यांना सूट नाही. जळगावच्या डाळमिलचा माल आणखी बारीक बघावा लागतो. २५ किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या, लेबल लावलेल्या पॅकिंगला १८ जुलै २०२२ पासून कर आहे, ३० किलोच्या कट्ट्याला नाही. एकाच गाडीत, एकाच बिलावर दोन्ही असतील तर मर्यादा मोजताना करमुक्त भागाची किंमत वगळायची. नंदुरबारची ताजी मिरची मोकळी, वाळलेली मिरची करपात्र. सराफ बाजाराचे सोने-दागिने ई-वे बिलाच्या नियमातूनच वगळलेले आहेत.

मर्यादेचाही घोळ इथे होतो. महाराष्ट्रात राज्यांतर्गत मर्यादा १ लाख, राज्याबाहेर ५० हजार. नंदुरबारहून धुळ्याला ८० हजारांची सुकी मिरची ई-वे बिलाशिवाय जाते, पण तीच नवापूर ओलांडून गुजरातमधल्या उच्छलला, अगदी थोड्या किलोमीटरवर नेली तरी ई-वे बिल लागते. कारखान्यापासून ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत ५० किलोमीटरच्या आत माल आणताना पार्ट-बी भरायची गरज नाही, ही सूटही राज्याच्या आतलीच आहे. आणि ती गोदामापर्यंतच आहे. गोदामातून मोठ्या गाडीत माल चढला की पार्ट-बी भरलाच पाहिजे. पार्ट-ए भरल्यापासून त्याला पंधरा दिवस मिळतात.

फुटकळ माल भरणाऱ्यांसाठी एकत्रित ई-वे बिल ही पोर्टलची सर्वांत उपयोगी सोय आहे. तीस पार्ट्यांचा माल एका गाडीत असेल तर तीस नंबर एका नंबरात बांधता येतात आणि ड्रायव्हरला एकच कागद द्यावा लागतो. याला स्वतःची मुदत नसते, आतल्या प्रत्येक बिलाची मुदत वेगळी चालते. हे विसरल्यामुळे गाडीतल्या एकाच छोट्या पार्टीचे बिल संपते आणि सगळी गाडी थांबते. १ जुलै २०२५ पासून पोर्टलची दुसरी आवृत्ती चालू आहे. एका पोर्टलवर काढलेले बिल दुसऱ्यावर दिसते, पार्ट-बी बदलता येतो, मुदत वाढवता येते. महिनाअखेरीच्या संध्याकाळी एक अडकले तर दुसऱ्यावर जायचे. दोन्हींचे पत्ते ऑफिसच्या भिंतीवर असावेत.

पोर्टलबद्दल खरी तक्रार ओटीपीची होती, पण तिला उपाय आहे. १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांना पासवर्डनंतर दुसरी खात्री द्यावी लागते. मालकाच्या मोबाईलवर ओटीपी, मालक लग्नाला आणि मुनीम ऑफिसात, असे रोज घडते. उपाय म्हणजे सब-युजर. पोर्टलवर प्रत्येक मुनिमाचे वेगळे सब-युजर खाते त्याच्याच मोबाईल नंबरावर काढावे, त्याला बिल काढणे, पार्ट-बी बदलणे, रद्द करणे यांतले कोणते अधिकार द्यायचे ते निवडावे. रद्द करण्याचा अधिकार सगळ्यांना देऊ नये. बिल काढल्यापासून २४ तासांतच रद्द होते आणि वाटेत अधिकाऱ्याने तपासले असेल तर तेही नाही. मुनीम नोकरी सोडून गेला की त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

गाडीच्या कागदांकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १३९ व्या नियमात नोव्हेंबर २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, लायसन्स हे सगळे इलेक्ट्रॉनिक रूपात दाखवता येतात. पण कोणत्या इलेक्ट्रॉनिक रूपात? एम-परिवहनमध्ये खात्याच्या नोंदीतून आलेले, किंवा डिजिलॉकरच्या ‘इश्यूड’ भागात आलेले. डिजिलॉकरच्या ‘अपलोडेड’ भागात आपणच चढवलेला स्कॅन, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आरसीचा फोटो, गॅलरीतली पीडीएफ, यांना मूळ कागदाचा दर्जा नाही. ड्रायव्हरला हा फरक एकदा मोबाईल हातात घेऊन दाखवावा.

अडचण नावाची येते. आधारवर पूर्ण नाव, आरसीवर आद्याक्षरे आणि आडनाव, कुठे ‘पाटील’चे स्पेलिंग वेगळे, कुठे वडिलांचे नाव मागेपुढे: डिजिलॉकर आरसी आणत नाही. एम-परिवहनमध्ये चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकून गाडी जोडता येते, तिथे काम लवकर होते. नावाची दुरुस्ती आणि वाहन पोर्टलवरचा मोबाईल नंबर बदलणे ही कामे गाडी घरी असताना करून घ्यावीत. नॅशनल परमिटची प्रत वेगळी उतरवून ठेवावी. ड्रायव्हरने नाका यायच्या आधी, नेटवर्क असताना अ‍ॅप उघडून कागद समोर आणून ठेवावा. हाडाखेड आणि नवापूरच्या राज्य सीमेच्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांना हे विशेष सांगावे.

एम-परिवहनचा याहून मोठा फायदा ट्रान्सपोर्टरला आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही. दलालाकडून बाजारातली गाडी घेतली की माल चढायच्या आधी तिचा नंबर अ‍ॅपवर टाकावा. फिटनेस संपले आहे का, विमा चालू आहे का, गाडीचा वर्ग काय, हे तिथल्या तिथे दिसते. कापसाच्या १०० गाठी, एक गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे १७ टन माल फिटनेस संपलेल्या गाडीत भरला आणि वाटेत आग लागली, तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते. नंबर प्लेट खरी आहे का याची शंका असेल तर चासीवर कोरलेला नंबर आरसीशी ताडून पाहावा. नुसत्या नंबर प्लेटवर विश्वास ठेवून सरकीच्या, तेलाच्या, गाठींच्या गाड्या भरू नयेत.

आता बिल्टीची अ‍ॅप. इथे दर्जा फार खालीवर आहे. पुष्कळ अ‍ॅप जुन्या छापील बिल्टीचे चित्र मोबाईलवर काढून देतात, त्यापुढे काही नाही. विकत घेण्याआधी पुढच्या गोष्टी समोर बसून करून घ्याव्यात. मोबाईलचे नेट बंद करून बिल्टी बनते का? सावद्याच्या पॅकिंग हाउसपासून शिवारातल्या बागेपर्यंत नेट असेलच असे नाही, आणि केळी थांबत नाहीत. नेट परत आल्यावर बिल्टी नंबर दोनदा पडत नाही ना? जळगाव आणि भुसावळ अशा दोन शाखांतून एकाच वेळी बिल्टी काढून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. पार्टीचे नाव देवनागरीत छापले जाते का, की चौकोन येतात? पेड (भाडे आधीच भरलेले), टू-पे (भाडे माल घेणारा देणार) आणि टीबीबी (भाडे नंतर बिलाने) हे तिन्ही प्रकार, हमाली, दरवाजा डिलिव्हरीचा आकार वेगळ्या रकान्यांत येतात का? जीएसटी कोण भरणार, पाठवणारा, घेणारा की ट्रान्सपोर्टर, हे बिल्टीवर छापले जाते का? हा शेवटचा रकाना नसलेली अ‍ॅप सरळ नाकारावीत.

ई-वे बिलाशी जोडणी असेल तर पार्ट-ए अ‍ॅपमध्ये आपोआप यावा आणि बिल्टी नंबर व गाडी नंबर पार्ट-बीत आपोआप जावा. एकच गाडी नंबर दोनदा टाइप करावा लागतो तिथे एमएच-१८ आणि एमएच-१९ ची अदलाबदल होतेच. विक्रेता ‘जोडणी आहे’ म्हणाला तर खरे ई-वे बिल घेऊन पार्ट-बी त्याच्यासमोर अपडेट करायला लावावा आणि सरकारी पोर्टलवर जाऊन बदल दिसतो का ते पाहावे.

बिल्टी हा कायद्याचा कागद आहे. रस्ते मालवाहतूक कायदा २००७ प्रमाणे ती तीन प्रतींत द्यायची असते आणि मूळ प्रत माल पाठवणाऱ्याला. मालाचे नुकसान झाले तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत, जास्त जोखमीचा दर ठरवून किंमत जाहीर केली नसेल तर. अ‍ॅपमध्ये जाहीर किंमत आणि जोखमीचा रकाना नसेल तर पुढे वाद होतो. बँकेतून कागद सोडवायचे व्यवहार जिथे आहेत तिथे बँक मूळ सहीची कागदी बिल्टीच मागते. ते काम कागदावरच ठेवावे, उगीच हट्ट करू नये.

पोचपावतीचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. दिल्लीत डाळ उतरली की बिल्टीच्या मागे माल घेणाऱ्याचा माणूस सही-शिक्का मारतो आणि गरज असेल तर लिहितो: ‘२ कट्टे ओले, १ फाटका, वजन १८ किलो कमी.’ ही दोन ओळींची नोंद पुढे भाड्यातून किती कापायचे ते ठरवते. कागदावर ती आधी लिहिली जाते आणि सही नंतर होते. पुष्कळ अ‍ॅपमध्ये उलटे आहे: घेणाऱ्याने ओटीपी सांगितला की पोचपावती बंद होते आणि शेरा लिहायची जागाच उरत नाही, किंवा ड्रायव्हर शेरा रिकामा ठेवून पुढे जातो. चांगल्या अ‍ॅपमध्ये क्रम असा असावा: नग मोजून आकडा, कमी किंवा खराब नग, त्याचा फोटो, घेणाऱ्याचे नाव, आणि मग शेवटी सही किंवा ओटीपी. पोचपावती बंद झाल्यावर ड्रायव्हरला काही बदलता येऊ नये. फोटोवर वेळ आणि जागा यावी. काटा पावतीचा, म्हणजे वजनकाट्याच्या पावतीचा, फोटो त्याच वेळी काढून घ्यावा, कारण थर्मल कागदावरची अक्षरे ट्रकच्या केबिनच्या उन्हात उडून जातात.

डिजिटल पोचपावतीचा पैशातला फायदा स्पष्ट आहे. कागदी प्रत कुरियरने परत येईपर्यंत भाड्याचे बिल लावता येत नाही, डिजिटल प्रत माल उतरल्याच्या दिवशी येते. पण पार्टीच्या अकाउंट खात्याने ती मान्य केली तरच. म्हणून अ‍ॅप घेण्याआधी मोठ्या पार्ट्यांशी लेखी ठरवावे की ईमेलवर आलेली पोचपावती बिलाला चालेल. ते पत्र नसेल तर अ‍ॅपही घ्यावे लागते आणि कुरियरही पाठवावे लागते. वाद कोर्टात गेला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते. ते कोण देणार, आपला ऑपरेटर की अ‍ॅपची कंपनी, हे करारात असावे. मालाच्या नुकसानीची लेखी नोटीस पाठवायला १८० दिवसांची मुदत आहे, तोपर्यंतचे फोटो अ‍ॅपवर राहतात का तेही विचारावे. काही अ‍ॅप जागा वाचवायला फोटो लहान करतात आणि ओल्या कट्ट्यावरचा डाग दिसेनासा होतो. मूळ आकाराचा फोटो परत उतरवून पाहावा.

ड्रायव्हरजवळचा संच कागदात ठेवायचा तर एका प्लास्टिक पाकिटात बिलाची प्रत, बिल्टीची प्रत आणि ई-वे बिलाची एक साधी प्रिंट एवढेच पुरे. मोबाईलमध्ये त्याच तीन फाइली, फाइलच्या नावात आधी गाडी नंबर आणि मग बिल्टी नंबर. ‘डॉक्युमेंट-१’ नावाच्या चाळीस पीडीएफमधून नाक्यावर नेमकी फाइल सापडत नाही.

शेवटी पैसे देण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न विचारायचाच: आम्ही तुमचे अ‍ॅप सोडले तर आमचा डेटा कसा मिळणार? जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात. सगळ्या बिल्ट्या एक्सेलमध्ये आणि सगळ्या पोचपावत्या पीडीएफमध्ये, बिल्टी नंबरच्या नावाने, एका वेळी उतरवता आल्या पाहिजेत. पहिल्या महिन्याच्या शेवटीच हे उतरवून एका वेगळ्या डिस्कवर ठेवावे आणि दर महिन्याला तसेच करावे. जो विक्रेता हे दाखवायला टाळाटाळ करतो त्याचे अ‍ॅप कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.